पावती

एनिअस स्पिंक गेला.
बातमी त्यानेच तीन वर्षांपूर्वी लिहून ठेवली होती,
तारखेची जागा तेवढी कोरी,
आणि खाली बारीक अक्षरात : उशीर झाल्यास क्षमस्व.

अर्ब्रोथच्या बोलिंग क्लबात आम्ही एकोणीस जण
आणि त्याचा म्हातारा कुत्रा,
ज्याला तो चारचौघांत अहो कौन्सिलर म्हणायचा.
फुलं कुणी आणली नव्हती.
तो बजावून गेला होता, फुलांना त्यांची कामं असतात.
पण समुद्रावरून धुकं चढत होतं
आणि इथे त्या धुक्याला हार म्हणतात.
तो आपणहून आला, खिडकीच्या गळ्यात पडला,
मग संध्याकाळभर कुणाला पलीकडचं काही दिसेना.

लोर्ना पेटीग्रू म्हणाली,
तो बसथांब्यावर कविता वाचायचा
फक्त बस चुकलेल्यांसाठी.
ज्यांना बस मिळते त्यांना कविता कशाला?
त्या हिवाळ्यात मी मुद्दाम दोन-दोन बस सोडल्या.
नोकरी गेली.
कविता मात्र चांगली होती,
पोहता न येणाऱ्या बटाट्याची.
सलगमाची, टॅम ऑचटरलोनी म्हणाला.
बटाट्याची.
सलगमाची. मी पुढच्या बाकावर होतो, लोर्ना.
बाकावर तू झोपला होतास, टॅम.
कौन्सिलरनी जांभई दिली
नि सभा पुढे सरकली.

मग त्याची पाणसळ निघाली.
गवंड्याची ती पितळी पाणसळ कोटाच्या खिशात घेऊन हिंडायचा,
भेटेल त्याच्या डोक्यावर आडवी धरायचा,
आणि बुडबुडा अगदी मधोमध थांबला
तर काळजीने विचारायचा,
बरं वाटत नाहीये का तुम्हाला?

आणि पावत्या.
हसलात की पावती. गुलाबी कागद,
कार्बन लावून दोन प्रती, एक तुम्हाला, एक त्याला.
'मिळालं : हसू एक, मध्यम, दात न दाखवता. परत दिलं जाणार नाही.'
आम्ही सगळ्यांनी आपापल्या आणल्या होत्या,
बिस्किटांच्या डब्यातून, पाकिटातून,
एक तर प्रार्थनेच्या पुस्तकात चपटी होऊन बसलेली.
मिसेस ड्यूथीकडे दोनशे बारा.
त्यातली एक तिने वेगळी ठेवली,
नवरा बुडाला त्या वर्षातली, एकुलती.
तीवर रक्कम नव्हती.
लिहिलं होतं, 'हप्त्याने चालेल.'

शेवटच्या रांगेत मिस्टर बीटी,
बंदराच्या कचेरीतले निवृत्त कारकून,
एनिअसचे भिंतीला भिंत लागून शेजारी.
एकतीस वर्षांत हसले नाहीत.
त्यांच्याकडेही एकतीस पावत्या,
दर नव्या वर्षी दाराखालून सरकवलेल्या,
सगळ्या सारख्याच : 'जमा शून्य. घाई नाही.'
तारखेप्रमाणे लावून, टाचणी मारून आणल्या होत्या त्यांनी.

एक मिनिट शांतता पाळा, असं मृत्युपत्रात होतं.
त्यानंतर आणखी एक मिनिट,
कारण पहिल्याला कुणाची तयारी नसते.
पहिल्या मिनिटात आम्ही खोकलो.
दुसऱ्यात चहाची किटली वाजायला लागली,
उठायचं कुणी?
ती वाजतेय, आम्ही शांतता पाळतोय,
ती आणखी वाजतेय,
टॅम हळूच म्हणाला, सलगम,
आणि मागून आवाज आला
वर्षानुवर्षं न उघडलेल्या खिट्टीसारखा.
मिस्टर बीटी.
खुर्चीची पाठ धरून,
चष्मा काढून, पुसून, परत घालून,
परत काढून.

थांबले तेव्हा मान वर न करता
त्यांनी हात पुढे केला, तळवा उताणा.
पावतीसाठी.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
पुस्तक कुणाकडे नव्हतं. कार्बन नव्हता.
मिसेस ड्यूथीने पर्स उघडली, मिटली.
हात तसाच होता.

शेवटी कौन्सिलर उठले, सावकाश,
मागचा पाय ओढत रांगेच्या टोकापर्यंत गेले,
आणि तो तळवा चाटला.
दोनदा.
कार्बन लावल्यासारखा.