दहा सेकंदांची जागा

हॉलिससाहेब टेक्सासला कायमचा निघाला
त्या आठवड्यात अवालीतल्या त्याच्या बंगल्याचा एसी
मी शेवटचा उघडला.
जाळीत वाळू, वाळूत वाळलेली पाल,
आणि खोलीभर त्या दोघांचं गाणं.
"घेऊन जा," म्हणाला, "माझ्याकडे याची तबकडी आहे."

कॅसेटवर त्यांचा फोटो.
त्याची टोपी परातीएवढी,
तिचे केस रचलेले, कडब्याच्या गंजीसारखे.

सित्राच्या कॅम्पात आम्ही एका खोलीत आठ.
गाण्यातलं इंग्रजी कुणाला कळेना,
भांडण मात्र कळायचं.
तो एक ओळ टाकायचा, ती झेलून परत फेकायची,
मग दोघं एकदम,
आणि मागं ते तारेचं वाद्य
रडता रडता घसरत जाणारं.
कुंजुमोन म्हणाला, नवराबायको आहेत.
गुल जमान म्हणाला, असते
तर एकमेकांचं इतकं ऐकून घेतलं असतं का?
दोन रात्री वाद. पैज एका कोंबडीची.

सामान गाडीत चढवताना साहेबालाच विचारलं.
हसला. म्हणाला, ते एका खोलीतसुद्धा नव्हते.
त्यानं मार्चमध्ये गायलं, तिनं जूनमध्ये.
तिची जागा रिकामी ठेवली होती,
एवढंच.

एवढंच?

त्या शुक्रवारी कॅसेटच्या डोक्यावरच्या भोकांना
चिकटपट्टी लावली, दुसरी बाजू घातली,
पहिल्या गाण्याची दीड ओळ राहू दिली
आणि दोन बटणं एकत्र दाबली.
"मंदा, पैसे पोचले का?"
मग गप्प.
बोटांवर दहापर्यंत मोजून पुढचा प्रश्न.
खोलीतले सात जण श्वास धरून.

बार्शीला जाणाऱ्या एकाच्या हाती कॅसेट गेली,
अडीच महिन्यांनी आली.
"पोचले."
उरलेले नऊ सेकंद शिलाई मशीन,
आईचा खोकला,
आणि कुणाच्या तरी दारात लागलेली बैलगाडी.
तिनं सगळं मापात बसवलं होतं,
ब्लाउजच्या बाहीसारखं.

तिसऱ्या खेपेला ती मापात मावेना.
"तुम्ही जेवता का वेळेवर" हे विचारत विचारत
माझ्या पुढच्या प्रश्नावर चढली.
परत कधी येऊ, असं मी विचारलं होतं.
ते पुसलं गेलं. तिच्या आवाजाच्या टोकाला
माझं नुसतं शेपूट राहिलं:
"...ते सांग."

अशा अकरा खेपा.
फीत इतकी झिजली की
आम्ही दोघं पाण्याखालून बोलल्यासारखे.

मग सुट्टी. दोन महिने.
एकाच खोलीत, एकाच ताटात कधीकधी,
आणि बोलायचं म्हणजे
गॅसचा नंबर, अक्काचं डोळ्याचं ऑपरेशन.
निघताना तिनं तीच कॅसेट पिशवीत टाकली.
"पोचल्यावर ऐका. आधी नको."

मुहर्रकच्या विमानतळावर
कस्टमवाल्या पोरानं पिशवीतून ती नेमकी काढली,
आपल्या यंत्रात घातली. त्यांचा नियम.
आधी कडब्याच्या गंजीची बाई, दीड ओळ.
मग मशीन थांबल्याचा आवाज.
मग मंदा:

"हं. या खेपेला मी विचारते, तुम्ही बोला.
दोन महिने समोर होते मी.
काय सांगायचं राहिलं?"

आणि जागा.

फीत फिरतेय, खरखर.
माझ्या मागं रांग, रांगेत खोकी, खोक्यांना सुतळ्या.
पोरगं यंत्राकडं बघतंय,
मग माझ्याकडं.
त्याला वाटलं असेल, बिघडली.
बंद करायला बोट उचललं त्यानं.
मी हात आडवा केला.
चार. पाच.

सहाव्या सेकंदाला बोललो,
मराठीत, मोठ्यानं,
सगळी रांग वळून बघेल इतकं.
पोरगं बोट तसंच धरून थांबलं,
जणू त्यालाही माहीत होतं
पुढं कुणाची ओळ आहे.