इतर

पूर्वी फळा होता, बर्फखान्याच्या दाराशी.
खाऱ्या हवेत खडू ओला व्हायचा,
नाव पुसलं गेलं की भांडण.
आता मालकांनी ॲप घेतलंय.
हिरवा चौकोन : माणूस आहे.
लाल चौकोन : माणूस हवा.
मी दिवसभर अंगठ्याने चौकोन सरकवते.

तीन पाळ्या, आठ-आठ तासांच्या,
काठाला काठ लावून.
पण देवगडच्या खाडीत
भरती रोज पाऊण तास पुढे जाते
आणि बोटी तिच्या मागून येतात.
हे कुठे भरायचं म्हणून हेल्पलाइनला फोन केला.
पुण्याचा मुलगा, गोड बोलला :
"भरती ना मॅडम? ती एचआरमध्ये जाऊन करा."

गैरहजेरीला कारणं चार.
आजार. सण. वैयक्तिक. इतर.
कोळंबी सोलून सोलून
झुलेखा मुजावरच्या अंगठ्यावरच्या रेषा गेल्यात,
मशीन तिला ओळखत नाही.
माझ्यासमोर उभी, टोपी-हातमोजे घालून, आणि गैरहजर.
इतर.
पालखी दुपारी येणार होती ती पहाटे आली,
तारींची सून अर्ध्या पाळीत उठून गेली.
सणाचा दिवस तिने आधीच वापरलेला.
इतर.

मंगळवारी रात्री सुगंधा कुबलचा चौकोन लाल झाला.
ती कुठे आहे ते मला खिडकीतून दिसत होतं.
जेटीवर, डिझेलच्या पिंपावर बसलेली,
मोबाइल उलटा मांडीवर.
इतर दाबलं.
खाली नवीन रकाना उघडला :
तपशील द्या, वीस अक्षरांत.
लिहिलं, बोट यायची आहे.
ॲपने विचारलं,
बदली माणूस सुचवू का?

मजा अशी
की रात्रपाळी तिच्याच बोटीसाठी लावली होती.
बोट नाही तर माल नाही,
माल नाही तर तेरा बायका
रिकाम्या टेबलांशी, नळ बंद,
एकमेकींकडे न बघता.

पहाटे दुसऱ्या बोटीने ओढत आणली.
मशीन बंद पडलेलं, बर्फ संपलेला,
अर्धा बांगडा फेकायच्या लायकीचा.
सुगंधा जेटीवरून तशीच आत आली,
साडीला डिझेलचा वास,
हात धुतले, सुरी घेतली.
"घराक जावन काय करू गो?
तो झोपलोहा."

स्क्रीनवर आलं :
उशीर, नऊ तास चाळीस मिनिटं.
पगार कापू? होय. नाही.

माझा अंगठा ओला होता.
पदराला पुसला,
मग दाबला.