मागील पानावरून पुढे

वरुणतीर्थाच्या मैदानात तंबू उभा राहिला
तेव्हा शिल्लक बारा आणे.
तेवढीच लिहिली.
मालक म्हणाले, "केसकर, जरा सढळ हातानं लिहीत जा."

साल चव्वेचाळीस. रॉकेल कुपनावर.
सहा बत्त्यांतल्या दोनच पेटायच्या.
चिरुता झोपाळा सोडायची उजेडात
आणि पुढचा धरायची अंधारात.
लोकांना वाटे, खेळच असा आहे.

वाघिणीला मांस लागे आठ शेर, मिळे तीन.
ती डरकाळी विसरली की
पडद्यामागे बाबालाल
तेलाच्या डब्यातून ओली दोरी ओढायचा.
खर्च: दोरी, दीड आणा.

पुढच्या रांगेत तालमीतली पोरं.
आमच्या भीमाची मान बघून आपसात हसायची.
चौथ्या रात्री एकजण रिंगणात उतरला,
भीमानं वाकवलेला गज सरळ केला,
त्याच्या हातात परत दिला, म्हणाला,
"दूध पीत जावा, पावणं."
सकाळी चरवी आली, काठोकाठ.
जमा: दूध, पाच शेर.
किमतीचा रकाना कोरा ठेवला.

तुळसा हत्तीण दिवसा शाहूपुरीत,
शिवलिंगाप्पा शेट्यांच्या वखारीत गुळाचे गाडे ओढायची.
भाडं दोन रुपये, फुटके रवे तिचे.
सांजेला परतली की सोंडेवर मुंगळे,
आणि आमची पोरं
तिच्या सोंडेवरून बोट फिरवून चाटायची.

निघायची वेळ आली.
स्टेशनमास्तरनं विचारलं, "किती वाघिणी?"
मालक म्हणाले, "एकच. तीही म्हातारी."
तो मालडब्यांचं विचारत होता.

तीन डब्यांच्या भाड्यापायी तुळसा गहाण पडली.
सही मालकांची, साक्ष माझी.
माहूत दस्तगीर गाडीत चढलाच नाही.
हजेरीपटातलं त्याचं नाव
मी मिरजेपर्यंत खोडलं नाही.

पुढं हुबळीला तंबू विकला, ताडपत्रीच्या भावानं.
आता मी लाकडाच्या अड्ड्यावर कारकून.
पण दर दिवाळीला, नव्या वहीच्या शेवटच्या पानावर
एक ओळ उतरवून घेतो:
येणे, हत्तीण एक, शेटे यांजकडून.

यंदा तपासनिसाचं बोट तिथं थांबलं.
"हे काय? बुडीत खात्यात टाका की."
म्हटलं, साहेब, हत्ती बुडत नाही.
पोहतो.