मीनाबाईचा दगड

नाव तिचं क्वॉन मिन-हे.
कुंभेफळात कुणाची जीभ तेवढी वळंना,
म्हणून मीनाबाई.

नवरा शेंद्र्याच्या कंपनीत मोठा इंजिनेर,
मी तिच्या रो-हौसात झाडू-फरशीला.
पहिल्या दिवशी मी वाकले
आन् ही खुर्चीतून उठून माझ्या मनगटाकडंच बघायली.
मला वाटलं, काही चोरलं का काय म्हणती आता.
तर म्हणाली, गुड. प्रेशर गुड.
माझ्या झाडण्याला सासूनं बी कधी
बरं म्हणलं नव्हतं.

मग एका मे महिन्यात,
लाईट गेलेली, कूलर मुका,
तिनं मोबाईलवर दाखवलं:
बर्फाची लांबलचक ओसरी,
ही एका गुडघ्यावर घसरत चाललेली,
हाताखाली जात्याच्या तळीसारखा दगड,
वर किटलीला असतो तसा कान.
दगड सोडला की दोघीजणी त्याच्या म्होरं झाडत सुटल्या.
धूळ नाही, केर नाही, नुसतं झाडणं.
मी म्हणलं, बाई, ह्यातून निघतं काय?
तिनं अंगठा आन् बोट जरासं फाकवलं.
एवढं. एवढं जास्ती जातो दगड.

कळत गेलं मला हळूहळू.
खेळाच्या आधी बर्फावर सडा टाकतात,
थेंब पडतो तिथंच गोठतो,
त्या खरबरीवर दगड चालतो.
शेवटाला रांगोळीसारखी रिंगणं.
त्याला ते घर म्हणतात.
अकरा वर्षं खेळली ती.
शेवटच्या सामन्यात तिचा दगड घरात नीट बसला होता,
समोरचीचा करंगळीच्या नखाएवढा आत.
डोळ्याला दिसत नव्हतं,
माप लावून हरवलं तिला.
मग गुडघा गेला, मग लग्न,
मग चिकलठाण्याचं विमानतळ
आन् त्रेचाळीस डिग्री.

कधी दुपारी हॉलची फरशी साबणानं ओली करायची,
पाच लिटरचा कुकर धरून दारापासून घसरत यायची.
कुकर टीपॉयला आदळायचा.
पोचा पडलाय, अजून हाय.
मग पसारा आवरायला माझ्या हातातलं फडकं मागायची,
मी म्हणायची, राहू दे बाई, राहू दे.
चार वर्षांत मराठी ती तेवढीच शिकली.

मग तिकडून फोन आला.
आधी शाळेच्या पोरी, मग कॉलेजच्या,
मग साऱ्या देशाची टीम तिच्या हातात.
जाताना कुकर मला दिला.
तिनं काही सांगितलं नाही, मी काही इचारलं नाही.

परवा रात्री दोनला दीक्षानं उठवलं.
मोबाईलमधी मीनाबाई, बाकावर,
केस बारीक कापलेले, अंगावर कोट,
दोन्ही हात रिकामे.
दीक्षा म्हणे, कोचला मधी बोलता येत नाही,
एक मिनिट मिळतं, त्यात काय ते.
ते मिळालं. चौघी पोरी भोवती आल्या,
सगळ्या तिच्याहून उंच, एकीचं नाक लाल.
ती बोलली थोडंच. मग हात आडवा केला
आन् मला ऐकू आलं, राहू दे.

दीक्षा म्हणती, आई, त्यांच्या भाषेत
असंल तसला एखादा शब्द.
असंल.

पण दगड सुटला
आन् पोरींनी झाडू वर धरले.
कुणी झाडलं नाही.
दगड आपला आपण चालला,
सांजच्याला वळखीच्या दारात म्हैस वळावी
तसा वळला,
घरात जाऊन बसला.
सामना त्या तरी बी हरल्या, पुढच्या दगडाला.
मीनाबाई उठली, एकेकीची पाठ थोपटली,
कॅमेरा दुसरीकडं गेला.

सकाळी कंपनीच्या कँटीनमधी
झाडता झाडता मी मधीच थांबले.
झाडू वर धरला. बघितलं.
केर होता तिथंच.
आमच्या केराला आपला आपण चालायची सवय नाही.
वाकले परत.
प्रेशर गुड.