उतरताना घ्या

तीस वर्षं मालवण, आचरा, देवगड
आणि रोज एकच वाक्य: सुट्टे नाहीत.
तिकिटाच्या पाठीवर लिहून द्यायचो
दीड रुपया, पंच्याहत्तर पैसे, खाली एक रेघ.
उतरताना घ्या.
निम्मे लोक विसरायचे.
काही माझ्यामुळे विसरायचे,
हेही आता सांगून टाकतो.

आता पेन्शन, आणि हा नाद:
पितळी चकत्या, मधोमध भोक,
एका अंगाला नारळ (कांदाच जास्त वाटतो),
दुसऱ्या अंगाला
बा. अ. कोरगावकर, किराणा व भुसार, आचरें.
अर्धा आणा. मालातच फेडू.

लढाईच्या सालात खुर्दा आटला,
तेव्हा शेटने कासाराकडून पाडून घेतल्या म्हणे.
मीठ घ्या, काडेपेटी घ्या, बाकी ही घ्या.
मग न्हाव्याने घेतली, तरवाल्याने घेतली,
देवळाच्या पेटीत पडली तर गुरव
तीच घेऊन दुकानात, दिव्याला तेल द्या म्हणून.
एका माणसाच्या शब्दावर
खाडीच्या दोन्ही काठांनी बाजार केला.

माझ्याकडे चार होत्या,
भंगारवाल्या इस्माईलने किलोच्या भावाने दिलेल्या.
बाकीच्या पिरावाडीत सापडल्या,
सुभद्रा मेतरच्या पागाला.
घेराला शिशाच्या गोळ्या, आणि मधेमधे या.
मोजल्या. सतरा.
सासऱ्याने ओवलेल्या;
दुकान बुडालं, आता ह्यांका पन बुडांदे, म्हणालेला.

मी पाचशेची नोट काढली.
तिने हात पुसले, नोट पाहिली,
"सुटे नाय हत माझ्याकडे."
मला हसू आलं, तिला का ते कळलं नाही.
"तेवढ्याच भाराचां शिसां हाडा, नी घेवन जावा."

आठ दिवसांनी शिसं घेऊन गेलो.
मासळीच्या तराजूत एकीकडे सतरा चकत्या,
एकीकडे माझं शिसं.
पारडं माझं किंचित वर.
तिने एक चकती उचलली,
दातांनी सुतळी ओढत पुन्हा जाळ्याला बांधली.
"ही रवांदे. उरलेला हाडशात तेवा न्हेवा."

त्यानंतर दोनदा जाऊन आलो.
चहा झाला, बांगड्याचा भाव निघाला,
तिच्या मुलाच्या इंजिनाचं रडगाणं ऐकलं.
शिसं न्यायचं दोन्ही वेळा विसरलो.
तिनेही विचारलं नाही.