उलटी अक्षरं

पहिल्याच लेक्चरला मागून कुणीतरी विचारलं,
मॅडम, किंमत उभ्या रेषेवर कशी?
शाळेत तर जे आधी बदलतं ते आडवं घ्यायचो.
देवस्थळी मॅडम खडूचे हात झटकत म्हणाल्या,
कुणीतरी एकदा तशी काढली, मग तशीच राहिली.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही.
मी बोरा बाजारात वाढले, रबरी शिक्क्यांच्या दुकानात.
तिथे सगळं उलटंच कोरतात
तेव्हा कुठे कागदावर सुलट उठतं.
सहाव्या वर्षी मला 'पोहोच मिळाली'
उजवीकडून डावीकडे घडाघडा वाचता यायचं.
सुलट वाचायला शाळेत घालावं लागलं.

सोमवार ते गुरुवार, सात ते साडेनऊ.
दिवसभर कुरिअर कंपनीची बिलं,
संध्याकाळी मागणी, पुरवठा, लवचिकता.
मिठाची मागणी ताठ, सरबताची लवचीक.
शिक्क्याची कुठल्या रकान्यात टाकू?
फॉर्म ऑनलाइन झाले त्या वर्षी बाबांनी
दर पंधरा रुपयांनी उतरवला होता,
पाटीवर लाल खडूने.
एकही गिऱ्हाईक वाढलं नाही.
स्वस्त झालं म्हणून कुणी
एकाच कागदावर दोनदा 'रद्द' मारत नाही.

मग आला तो धडा.
तोट्यातला धंदा कधी चालू ठेवावा, कधी शटर ओढावं.
नियम सोपा आहे:
रोजचा बदलता खर्च सुटतोय तोवर उघडा ठेवा,
भाड्याचं रडगाणं मध्ये आणू नका,
ते बंद दुकानालाही लागतंच.
गृहपाठाला खरा धंदा घ्या, मॅडम म्हणाल्या.

रविवारी बाबांची वही मांडून बसले.
भाडं पागडीचं, जुनं, चहाच्या बिलाहून कमी.
रबराची शीट, लाकडी मुठी, जांभळी शाई,
दोन कटिंग, त्यातला एक शेजारच्या
मुश्ताकभाई घड्याळवाल्यांना, तोही खर्चात.
सगळं मिळून शिक्क्यामागे अठ्ठेचाळीस,
दर ऐंशी.
सुटतंय की! चालू ठेवा.

आणि पेन अडलं.
कोरणाऱ्याची मजुरी: रकानाच नाही.
चाळीस वर्षांच्या वह्या चाळल्या, कुठेच नाही.
आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनचा पगार तिथे टाकून पाहिला,
तर दुकान दोन हजार नऊ सालीच बंद झालं.
खोडलं, शून्य लिहिलं,
परत उघडलं.

बाबा, तेव्हा दुसरं काय केलं असतंत?
डोळ्याला भिंग, हातात पातं, मान वर नाही.
पोस्टात लागत होतो, म्हणाले. काकांनी थांबवलं.
फुंकर मारून रबराचा भुगा उडवला.
पेन्शन असती आता.
मग जरा वेळाने:
पण पोस्टात शिक्का नुसता मारायचा असतो गं.

हे कुठल्या रेषेवर मांडायचं, उभ्या की आडव्या,
मला कळलं नाही.

परीक्षेत तोच प्रश्न आला, सात गुणांना.
मी पुस्तकातलं उत्तर लिहिलं, आकृती काढली,
बिंदूला नाव दिलं, बाण दाखवला.
मालकाची मजुरी धरावी, असंही लिहिलं,
कारण तसं लिहिलं की एक गुण जास्त मिळतो.
वॉचमन लिहिला नाही. शून्यही नाही.

उत्तरपत्रिका परत हातात आली,
सातपैकी सहा,
कोपऱ्यात गोल शिक्का: 'तपासले'.
सवयीने आधी अक्षरंच पाहिली.
बाबांच्या 'ले'ची मात्रा किंचित मागे झुकते,
आई म्हणायची, वारा लागल्यासारखी.
दिव्याखाली धरून पाहिलं, मग तिरकं करून.

नाही. मशीनचा होता.
कडा फार सरळ होत्या.