पाचवा बिछाना

ड्राख्टेनच्या बाहेर, कालव्याला लागून
पांढऱ्या पेट्यांची रांग. सगळ्या वापरलेल्या, सगळ्या आजच धुतलेल्या.
विकणारा हाइलकेमा, ओठांत विझलेली सिगारेट,
पहिलाच प्रश्न विचारतो : माणसं किती?

श्यूर्ड म्हणतो चार,
मी म्हणते पाच,
एकदमच.
हाइलकेमा आमच्याकडं बघतो, मग गाडीच्या हुककडं.

येल्मर श्यूर्डचा. एकाआड एक शुक्रवारी येतो
दोन दिवसांचे कपडे मोजून घेऊन.
उन्हाळ्यात आई सोडेल न सोडेल.
त्याचा ब्रश अजून पाहुण्यांच्या पेल्यात आहे.

पहिल्या कॅरॅव्हॅनचं दार उघडलं, कुबट वास आला.
श्यूर्ड गुडघ्यांवर बसून कोपरे हुंगला,
बोटानं भिंत दाबली. ती पावासारखी दबली.
नको.
दुसरी देखणी. चौदाशे किलो, रिकामी.
आमची गाडी ऐकूनच दमली असावी.
तिसरीत बटाटे सोलायचे तर
झोपलेल्याला आधी उठवावं लागणार.

चौथी नऊशे ऐंशी किलो. नारिंगी पडदे.
छताच्या खिडकीला तडा, त्यावर चिकटपट्टी.
बिछाने चार.
माझ्या दोघी, हिस्के आणि फ्राउक्ये,
वरचा खण बळकावून मोकळ्या झाल्या.
येल्मर दारातच, बूट न काढता.
"मी बाहेर तंबूत झोपेन," म्हणाला,
माणूस ज्या आवाजात म्हणतो ना,
मला भूक नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत.
बरं. पण पाहायचं कुणी,
आणि पाय कुणी आखडायचे,
ते म्हणीत नाही.

मी टेप काढली.
टेबल खाली केलं, त्याचा दांडा अडकला, लाथ घातली,
दोन बाकांमध्ये फळी बसवली : एक मीटर बहात्तर.
येल्मर एक अडुसष्ट. वय तेरा.
"पुरेल की," हाइलकेमा म्हणाला. त्याला मुलं नसावीत.

येल्मरनं बूट काढले. एका मोज्याला भोक.
आडवा झाला. बराच वेळ छताकडं, त्या तड्याकडं बघत राहिला.
मग पायानंच समोरचं कपाट उघडलं
आणि दोन्ही पाय आत घातले.
"आता पुढच्या वर्षीही बसेन."

"मग पातेली कुठं ठेवायची?" श्यूर्डनं विचारलं.
कुणी उत्तर दिलं नाही.
तोही पुन्हा विचारायला गेला नाही,
टायरांची तारीख बघायला खाली उतरला.

हाइलकेमानं तड्याचे शंभर युरो सोडले.
गॅसची नळी मात्र नवी घ्या, म्हणाला, ही वाळलीय.

परतताना मुली झोपल्या.
येल्मर मान वळवून मागं बघत राहिला,
अगदी घरापर्यंत,
सरळ येतेय ना ते.